चेष्टा

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मी एका अमेरिकी लेखाच्या अनुवादात अडकले होते, आणि तेही अवघ्या तीन शब्दांत: ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’. अमेरिकेतल्या शाळेत कायमचा नेमलेला, कमरेला पिस्तूल लावून व्हरांड्यात फिरणारा पोलीस म्हणजे हा ऑफिसर. आधी मी लिहिलं, ‘शालेय संसाधन अधिकारी’. वाचून पाहिलं तर डोळ्यांपुढे खडू, फळे आणि बाकांचा हिशेब ठेवणारा एक कंटाळलेला माणूस आला. मग ‘शाळेतला पोलीस’ करून पाहिलं. ते खरं होतं, पण मूळ नावाने जे झाकून ठेवलं होतं ते त्यामुळे उघडं पडत होतं, आणि अनुवादकाने लेखकाचं पांघरूण ओढू नये, असा माझा एक बाळबोध नियम आहे.

हा प्रयोग १९५० च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात सुरू झाला असं मानतात. मुलांना पोलीस ओळखीचा वाटावा, त्याची भीती जावी, एवढाच हेतू होता. पुढे शाळांमधल्या गोळीबारांनी त्या हेतूला बंदूक चिकटवली. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आठच दिवसांत, २ जून २०२० ला, मिनिआपोलिसच्या शाळा मंडळाने शहर पोलिसांबरोबरचा करार मोडला. टेक्ससमधल्या युवाल्डी इथे तर शाळा जिल्ह्याचं स्वतःचं पोलीस दल होतं. २४ मे २०२२ ला तिथल्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी निरनिराळ्या दलांचे मिळून ३७६ पोलीस शाळेवर जमले होते, आणि मारेकऱ्यापर्यंत पोचायला ७७ मिनिटं गेली. मी हे सगळं मराठीत आणत होते आणि मनात म्हणत होते, आपल्याकडे हा प्रश्नच नाही. आपल्याकडे शाळेत पोलीस येतो तो १५ ऑगस्टला झेंड्याला, नाहीतर रस्तासुरक्षा सप्ताहात हेल्मेटवर बोलायला.

माझं टेबल खिडकीशी आहे. बनी पार्क हा जयपूरचा जुना, ऐसपैस भाग. रुंद रस्ते, कडुनिंब, हवेलीच्या थाटाचे बंगले, त्यातल्या निम्म्यांची आता हॉटेलं झालेली. एका अंगाला कलेक्टोरेट, दुसऱ्या अंगाला सिंधी कॅम्पचा बसस्टँड. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीचं नाव अजून तसंच आहे. ‘बनी’ म्हणजे छोटं वन, आणि इथल्या लग्नगीतांत ‘बनी’ म्हणजे नवरी. नवीन आले तेव्हा मी हे दोन अर्थ डायरीत लिहून ठेवले होते. अनुवादकाला अशी भंगार गोळा करायची खोड असते. शाळा सुटायच्या वेळी खिडकीखालून व्हॅन आणि ई-रिक्षा जातात, आणि सकाळी कधी कधी पळत जाणारे, घामेजलेले, केस बारीक कापलेले तरुण. राजस्थान पोलीस अकादमी इथून फार लांब नाही. त्यामुळे पोलीस म्हणजे माझ्या लेखी धापा टाकणारी विशीतली मुलं, असंच काहीसं झालं होतं.

पण तो ऑगस्ट साधा नव्हता. १६ तारखेला उदयपूरच्या एका सरकारी शाळेबाहेर दहावीतल्या एका मुलाने वर्गमित्राला चाकू मारला. शहरात जाळपोळ झाली, इंटरनेट बंद झालं. १७ तारखेला आरोपी मुलाचं कुटुंब भाड्याने राहत होतं ते घर पाडलं गेलं. १९ तारखेला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, जखमी मुलगा गेला. दुसऱ्याच दिवशी बदलापूरला हजारो लोक रुळांवर उतरले. तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले होते आणि पालकांना तक्रार नोंदवायलाच तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मी दोन्ही राज्यांची वर्तमानपत्रं वाचते. त्या आठवड्यात एकीकडे ‘पोलीस आलेच नाहीत’ म्हणून संताप होता, आणि दुसरीकडे पोलीस, पालिका, बुलडोझर सगळे एका दिवसात येऊन गेले होते. (आरोप आहे म्हणून घर पाडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबरला सांगितलं. घर तेव्हा उरलं नव्हतं.)

उदयपूरनंतर राजस्थानच्या शिक्षण खात्याने शाळेत धारदार वस्तू आणायला बंदी घातली, दप्तरं तपासायला सांगितलं. दप्तरं तपासली जाऊ लागली, आणि दप्तरांत काय काय सापडतं हे मोठ्यांना पहिल्यांदाच कळलं.

फोन एका बाईंचा होता. आवाज ठाम, पण घाईचा नाही. “मैडम, आप मराठी जानती हैं ना? एक बच्चे की बात समझनी है.” त्या एका पोलीस ठाण्यातल्या उपनिरीक्षक. ठाणं आमच्या भागातलं नव्हतं. कुठलं ते लिहीत नाही. शाळेचंही नाव लिहीत नाही. मुलाची ओळख सांगायला तर कायदाच मनाई करतो, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४. म्हणून पुढच्या तपशिलांतले काही मी बदलले आहेत. शब्द मात्र बदललेले नाहीत, कारण सगळा घोळ शब्दाचाच होता.

माझा नंबर दिला होता मुलाच्या आईने. गणपतीत आमची तोंडओळख झाली होती. ही माणसं सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली, गलाईच्या धंद्यातली. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर कुठे नाहीत? पावसाने पाठ फिरवलेल्या त्या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पडली आणि जिथे सराफबाजार आहे तिथे जाऊन भट्टी मांडून बसली. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा जाळून तिच्यातलं गुंजभर सोनं काढायचं. या मुलाचे वडील जोहरी बाजाराच्या मागच्या एका गल्लीत हेच करतात. त्यांच्या बोटांची टोकं तेजाबाने पिवळी पडलेली असतात.

मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. सातवीपर्यंत गावी आजीजवळ होता, जिल्हा परिषदेच्या शाळेत. जूनमध्ये त्याला इकडे आणून एका खासगी शाळेत घातलं. हिंदी त्याला येत होती, म्हणजे टीव्हीची येत होती.

झालं होतं असं. खेळाच्या तासाला वर्गशिक्षिकेचा मोबाईल टेबलावरून नाहीसा झाला आणि दप्तरं तपासताना याच्या दप्तरात सापडला. एरवी कानउघाडणी होऊन विषय मिटला असता. पण त्याच आठवड्यात त्या भागाचा बीट कॉन्स्टेबल मुलांना सुरक्षेबद्दल सांगायला शाळेत येणार होता, आणि तो नेमका आवारात होता. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याला बोलावलं. त्याने मुलाला विचारलं, काय केलंस? मुलगा रडत म्हणाला, “मैंने चेष्टा की, सर. सिर्फ़ चेष्टा की.”

मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. मुलाने थट्टा केली होती. बाईंचा फोन लपवायचा, त्यांची त्रेधा बघायची, परत द्यायचा. पण हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. कॉन्स्टेबलने कागदावर लिहिलं: बालकाने कबूल केलं की त्याने चोरीची ‘चेष्टा’ केली. खाली मुलाची सही घेतली. मुलाने तो शब्द वाचला, ओळखीचा वाटला, आणि सुटल्यासारखं वाटून त्याने सही केली. हे त्याने मला नंतर सांगितलं: “चेष्टा लिवलंय म्हटल्यावर मला वाटलं, कळलं ह्यास्नी.”

१९२८ साली कोस्लर आणि दरोकिन्यी या दोघा फ्रेंचांनी अशा शब्दांवर एक पुस्तक केलं आणि त्यांना ‘खोटे मित्र’ असं नाव दिलं: दोन भाषांत सारखे दिसणारे, अर्थाने दगा देणारे शब्द. तौलनिक साहित्याच्या वर्गात हा भाग आम्हांला हसत हसत शिकवला होता. मराठी-हिंदीची जोडी तर फारच विनोदी. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीतली शिक्षा म्हणजे दंड, हा विनोद जुना आहे. इथे आल्या आल्या ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी बघून मीही फोटो काढून पुण्याला पाठवला होता. त्या फोनच्या दिवशी तो तितका विनोदी वाटला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली, आणि ते उत्तमच झालं. पण छडीवाचून मुलांना कसं आवरायचं हे शाळांना कुणी शिकवलं नाही. मग वचक बाहेरून मागवला जातो. दारात उभी असलेली खाकी ही अनेक शाळांना आयती मिळालेली छडी वाटते, असं माझं मत आहे. ते चुकीचं असेल तर मला बरंच वाटेल.

आणखी एक गोष्ट. पोलिसांची कागदावरची हिंदी मुळात फारसीने भरलेली: रोज़नामचा, फ़र्द, मुल्ज़िम, इस्तगासा. हे शब्द काढून त्यांच्या जागी शुद्ध हिंदी शब्द आणावेत असं राजस्थान सरकारने त्याच वर्षाच्या अखेरीस सुचवलं. बातमी वाचून मला हसू आलं ते या मुलामुळे. कॉन्स्टेबलने ‘कोशिश’ लिहिलं असतं तर मुलाने विचारलं असतं, कोशिश कशाची? परका शब्द सावध करतो. घात केला तो संस्कृतातून दोन्ही घरांत नांदायला आलेल्या शब्दाने.

उपनिरीक्षक बाई त्या ठाण्याच्या बाल कल्याण पोलीस अधिकारी होत्या. प्रत्येक ठाण्यात निदान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असा एक अधिकारी असावा असं बाल न्याय कायद्याचं कलम १०७ सांगतं. मुलाला कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत. गुन्हा अघोर नसेल आणि बरोबर मोठं माणूस नसेल तर एफआयआर नोंदवायची नाही, फक्त रोजनाम्यात नोंद करायची. हे २०१६ च्या आदर्श नियमांत आहे. याच नियमांत एक बारीकसं वाक्य असंही आहे की या अधिकाऱ्याने गणवेशात नसावं, साध्या कपड्यांत असावं. लैंगिक अत्याचारांविषयीच्या २०१२ च्या कायद्यातही मुलाचा जबाब घेताना हेच बंधन आहे. मला हे वाक्य फार आवडलं. सरकारने स्वतःच कायद्यात लिहून ठेवलंय की आमच्या कपड्यांची मुलांना भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे माझ्या घरी आले. शाळा नको म्हणत होती, ठाणं बाईंनाच नको होतं, आणि गलाईवाल्यांच्या एका खोलीत भट्टीचा वास. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता; बरामद्यातल्या खुर्च्या पुसून दिल्या. बाई फिक्या निळ्या सलवार-कुडत्यात होत्या. मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता, पायांकडे बघत होता. मीही बघितलं. पायांत तपकिरी, नाडीचे, पॉलिश केलेले बूट. ड्यूटी संपवून कपडे बदलून आल्या होत्या, बूट तेवढे राहिले होते. त्यांच्याही लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत, पाय खुर्चीखाली घेतले.

आई त्यांना ‘साहेब’ म्हणत होती. मुलाचे वडील गप्प. आई मधेच मला म्हणाली, “ताई, हितं पोलीस पाटील नसतो का ओ? त्येला सांगितलं असतं तर त्येनंच मिटवलं असतं.” हे बाईंना सांगायला मला पाच मिनिटं लागली. महाराष्ट्रात गावोगाव पोलीस पाटील असतो, १९६७ चा त्याचा वेगळा कायदा आहे, तो गावातलाच, शेती करणारा, गणवेश नसलेला माणूस. तो वर्दीही देतो आणि भांडणंही सोडवतो. बाईंना गंमत वाटली. म्हणाल्या, आमच्याकडे सीएलजी असते, मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठितांची समिती. मग जरा थांबून म्हणाल्या, पण त्यात गलाईवाले कुठून असणार.

मग त्यांनी वही काढली आणि मुलाला विचारलं, बेटा, सगळं पहिल्यापासून सांग, तुझ्या भाषेत.

मी काही न्यायालयातली दुभाषी नाही. पॉक्सोच्या प्रकरणांत दुभाष्याची सोय कलम २६ मध्ये आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाने अशा दुभाष्यांची यादी ठेवावी असं २०२० च्या नियमांत आहे. हे प्रकरण पॉक्सोचं नव्हतं आणि मी कुठल्याच यादीत नव्हते. आयुष्यभर मेलेल्या किंवा लांबच्या लेखकांची वाक्यं आणली. त्यांतलं कुणी माझ्यासमोर बसून नाक ओढत नव्हतं.

मुलगा बोलायला लागला. फोन उचलला तेव्हा चेष्टाच होती. दोन मित्रांना सांगूनच उचलला होता. मधल्या सुट्टीत परत ठेवायचा होता. मग तो म्हणाला, “पर नंतर वाटलं, ऱ्हावू दे आजच्या दिस. आज्जीला फोन लावायचा व्हता. पप्पांच्या फोनवरनं बोलाय बसलं की पप्पा म्हन्त्यात, बास कर. सांजच्याला लावतो म्हटलं, उद्या देतो.” आणि मग अगदी बारीक आवाजात: “का दिला नसता, काय म्हायती.”

बरामद्यात चौघांना हे कळलं: त्याला, आईला, वडिलांना आणि मला. वडिलांनी मान खाली घातली. आईने माझ्याकडे पाहिलं. विनवणी करणारी ती नजर नव्हती. दुकानात माणूस तराजूच्या काट्याकडे बघतो तशी ती बघत होती.

“क्या कह रहा है?” बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, “कह रहा है, मज़ाक किया था. मराठी में चेष्टा का मतलब मज़ाक होता है.”

एवढंच. दुरुस्ती करायला मला बोलावलं होतं, मी दुरुस्ती केली. शब्दाला शब्द चोख होता. उरलेलं मी गिळलं, आणि ते गिळताना मला अजिबात वाईट वाटलं नाही, हे कबूल करायला हवं. एका फोनचं काय ते. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात दोन तास काय येऊन गेलं याची नोंद कुठल्या रोजनाम्यात व्हायची गरज नाही, असं मला तेव्हा वाटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगा मिनिटभर बोलला होता आणि मी एक वाक्य सांगितलं होतं. ही चोरी पकडायला मराठी यावी लागत नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “अब पूरा बोलिए, मैडम.”

मी पूर्ण सांगितलं. ‘का दिला नसता, काय म्हायती’ हे वाक्य हिंदीत नीट येईना, दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग मुलाला विचारलं, आजीचं नाव काय, आजी काय करते, तिच्याकडे म्हशी किती. तो सांगत होता, मी आणत होते. एकदा तो हसलासुद्धा. मग त्यांनी वही उघडली आणि लिहिलं की बालकाच्या भाषेत ‘चेष्टा’ या शब्दाचा अर्थ थट्टा असा आहे, अनुवादिकेने तसं सांगितलं आहे, आणि चोरीचा हेतू दिसून येत नाही. मला सही करायला सांगितली. मी वाचून सही केली.

त्यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. लपवाछपवी मी करणार होते, आणि ती करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हता, त्यांचा होता. त्यांनी तो वापरला, सगळं ऐकून वापरला. मी न ऐकवताच वापरणार होते. पण मग असंही वाटतं की त्यांच्याऐवजी दुसरं कुणी असतं, टोपण न लावणारं, तर? अनुवादक प्रामाणिक असावा असं आम्ही म्हणतो तेव्हा समोरचा कोण आहे हे आम्ही धरूनच चालतो. पहिला कागद लिहिणारा कॉन्स्टेबलही दुष्ट नव्हता. त्याने ऐकलं ते लिहिलं. त्याला मी नंतर एकदा भेटले, तो खरोखर ओशाळला होता. “हमें क्या पता मैडम, इतनी अच्छी हिंदी बोल रहा था.”

पुण्यात पोलिसांचा ‘पोलीस काका’ नावाचा उपक्रम आहे: शाळेशी जोडलेला, नंबर मुलांना माहीत असलेला पोलीस. मुंबईत ‘पोलीस दीदी’ शाळांतून चांगला-वाईट स्पर्श समजावून सांगतात. इथे जयपूरला ‘निर्भया स्क्वाड’च्या महिला शिपाई शाळा-कॉलेजांच्या आसपास गस्त घालतात आणि मुलींना स्वसंरक्षण शिकवतात. अमेरिकेने नाव ‘रिसोर्स’ ठेवलं, आपण नातं जोडलं. हे खास आपलं. काका मराठी आणि दीदी हिंदी का, ताई का नाही, हा माझा धंदेवाईक प्रश्न बाजूला ठेवू. नातं जोडल्याने भीती जाते का? आमच्याकडे काकांचीही भीती असायची की. पण बदलापूरच्या त्या आईबापांना त्या रात्री ठाण्यात कुणी ताई भेटली असती तर, असंही वाटतं. त्यामुळे शाळेत पोलीस असावा की नसावा या प्रश्नावर, एवढं सगळं अनुवादून झाल्यावरही, मला हो किंवा नाही म्हणता येत नाही. कोणत्या बाई येणार आहेत, हे मी आधी विचारीन.

कागद मिटला, तरी शाळेत विषय मिटला नाही. शाळेने आईवडिलांना बोलावून सांगितलं की मुलाला इथे ‘अ‍ॅडजस्ट’ व्हायला जड जातंय, दाखला घेऊन जा, फी अर्धी परत देऊ. यात पोलिसांचा काही संबंध नव्हता आणि कायद्याचाही नसावा. मी भांडायला जाते म्हणाले. वडील त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलले: “नगं ताई. जिथं पोराकडं बघून पर्स सावरत्यात तिथं कशाला.” नोव्हेंबरात त्याला घराजवळच्या सरकारी शाळेत घातलं.

‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’चं शेवटी मी ‘शाळेवर नेमलेला पोलीस’ केलं. संपादकांनी विचारलं, मूळ शब्दातला ‘रिसोर्स’ कुठे गेला? मी लिहिलं, तळटीप देते. दिली नाही.

सरकारी शाळेत ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ आहे. २०१० मध्ये केरळात १२७ शाळांत ही योजना सुरू झाली, २१ जुलै २०१८ ला गुरुग्रामला तिचं देशपातळीवर उद्घाटन झालं. आठवी-नववीची मुलं, कवायत, कायद्याची तोंडओळख, ठाण्याला भेट. पोलिसाने मुलांसमोर गणवेश उतरवावा म्हणणारा कायदा आणि मुलांनीच गणवेश चढवावा म्हणणारी योजना एकाच सरकारच्या आहेत. मी हे हसून म्हणणार होते, पण मुलाला ती कवायत आवडली. त्याला तिथे पहिल्यांदा दोन मित्र मिळाले. ठाण्याच्या भेटीला गेला तेव्हा त्या बाई तिथे होत्या का, असं मी विचारलं. म्हणाला, ते ठाणं येगळं, मावशी. पण एका खोलीत खेळणी ठेवल्याली.

जानेवारीत, २६ तारखेच्या संचलनानंतर, आईचा फोन आला. फोटो पाठवला होता: टोपी, पट्टा, छाती पुढे काढलेली, चेहरा ओळखू येऊ नये इतका गंभीर. तिला विचारायचं होतं की हा फोटो गावाकडं पाठवावा का. पोरगा मागे लागलाय, आज्जीला पाठव म्हणून. “पर म्हातारी घाबरंल ओ. पोराला पोलिसांनी धरलं का पोरगं पोलीस झालं, तिला काय कळायचं न्हाई.”

फोटोखाली काय लिहायचं यावर आम्ही फोनवर बराच वेळ घातला. मी ‘कवायतीचा पोशाख’ सुचवलं, ते तिला आवडलं नाही. पोराने ‘स्टुडंट पोलीस’ म्हटलं, त्याला तिने गप्प केलं. शेवटी तिनेच लिहिलं, शाळेचा नवा ड्रेस. मग टोपीपासून वरचा भाग कापायचा का, असं तिने विचारलं, आणि मागून तो ओरडला, टोपी नको कापू.